पेण-रोह्याचा किनारा आणि मराठी ख्रिस्ती जीवनांतील संतोषविचार

ज्या कुलाबा जिल्ह्यास १९८१ पासून रायगड हें नांव मिळालें, त्यांत पेण व रोहें हीं दोन जुनीं बाजारपेठेचीं गांवें आहेत. पेणेजवळून भोगावती वाहते. रोहें कुंडलिकेच्या कांठीं आहे, आणि हीच कुंडलिका पुढें रेवदंडा व कोर्लई यांच्या मधून समुद्रास मिळते. या टापूंतील पुष्कळशी भातजमीन मूळची समुद्राची. खाडीच्या कांठीं मातीचे व दगडांचे बांध घालून खारें पाणी बाहेर ठेवावयाचें, कांहीं पावसाळ्यांनीं आंतील जमीन गोडी होऊं द्यावयाची, आणि मग तींत भात पेरावयाचें, असा येथील पिढ्यानुपिढ्यांचा क्रम आहे. पेण तालुक्यांत अशा जमिनींचा 'शिलोत्री' नांवाचा स्वतंत्र प्रकारच होता, आणि समुद्राकडील मोठ्या बांधाची राखण हें त्यांतील मुख्य कर्तव्य असे. उधाणाच्या एका रात्रींत बांधास खांड पडली कीं उभें पीक जातें, आणि जमीन पुनः गोडी होईपर्यंत अनेक हंगाम हातचे जातात. तेव्हां उद्यांची चिंता ही येथील शेतकऱ्यास तत्त्वज्ञानाची गोष्ट नाहीं. ती त्याच्या उशाशीं असते.

अशा भूमीवर उद्यांची चिंता वाहूं नये असें शिकविणारा एक धर्म समुद्रमार्गें आला. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पांचव्या ते सातव्या अध्यायांत येशू ख्रिस्ताचें जें डोंगरावरील प्रवचन आहे, त्यांत पांखरांचा व रानफुलांचा दाखला देऊन हाच उपदेश केला आहे. पांखरें पेरीत नाहींत, कोठारें भरीत नाहींत, तरी त्यांचा सांभाळ होतो, असा त्याचा आशय. शिलोत्री बांधावर उभ्या असलेल्या मनुष्यानें हा दाखला ऐकला तर तो विचारील कीं, मग बांध कोणीं घालावयाचा? हा प्रश्न थट्टेचा नव्हे. ज्या मराठी स्त्रीपुरुषांनीं हा उपदेश मनावर घेतला, त्यांना याच प्रश्नाचें उत्तर आयुष्यभर द्यावें लागलें. तें त्यांनीं कसें दिलें, याचा शोध घेणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. या विचाराचा प्रवेश किनाऱ्यावर झाला, त्याची खरी कसोटी घाटावर लागली, आणि त्याचें सार काढणाऱ्यांपैकीं एक थोर पुरुष पेण तालुक्यांतच जन्मास आला. याच क्रमानें आम्ही पुढें जाऊं.

प्रथम किनारा. १५२१ मध्यें निजामशाहीच्या अनुमतीनें पोर्तुगीजांनीं चौल येथें किल्ला बांधण्यास आरंभ केला, आणि १५९४ मध्यें समोरचा कोर्लईचा डोंगरी किल्ला घेतला. त्यांच्या आश्रयानें कुंडलिकेच्या मुखाशीं ख्रिस्ती वस्ती झाली. १७३९ मध्यें वसई पडली, आणि १७४० च्या तहानें चौल व कोर्लई हीं ठिकाणें मराठ्यांच्या हातीं आलीं. पोर्तुगीज अंमलदार व शिपाई निघून गेले. पण कोर्लईचे ख्रिस्ती रहिवासी गेले नाहींत. राज्य गेलें, आश्रयदाते गेले, तरी त्यांनीं आपली उपासना टिकविली, आणि पोर्तुगीज मुळाची एक निराळी बोली आजपर्यंत घरांत राखली. पोर्तुगीज अमदानींतील धर्मप्रसारांत सत्तेचा हात किती होता, हें इतिहासज्ञांस सांगावयास नको. परंतु सत्तेचा हात निघून गेल्यावरही जी श्रद्धा अडीचशें वर्षांहून अधिक काळ उभी राहिली, तिचें मूळ सत्तेंत होतें असें म्हणतां येत नाहीं. राजाश्रयावांचून निर्भय राहण्याचा हा या जिल्ह्यांतील पहिला ख्रिस्ती पाठ होय.

दुसरी गोष्ट शब्दांची. परदेशी धर्माचा उपदेश मनांत उतरावयाचा तर तो ओळखीच्या शब्दांतून यावा लागतो. फादर स्टीफन्स हे १५७९ मध्यें गोव्यास आले, आणि त्यांचें सुमारें ११,००० ओव्यांचें ख्रिस्तपुराण १६१६ मध्यें रायतूर येथें छापलें गेलें. बंगालमध्यें श्रीरामपूर येथील मिशनऱ्यांनीं १८०५ मध्यें मत्तयाचें शुभवर्तमान आणि १८११ मध्यें मोडी लिपींत संपूर्ण नवा करार मराठींत प्रसिद्ध केला. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्यें मुंबईस उतरले. त्यांच्या छापखान्यांतून १८१७ मध्यें मराठी छपाई सुरू झाली आणि १८२६ मध्यें त्यांचा नवा करार पुरा झाला. या सर्व उद्योगांत 'चिंता' व 'संतोष' हे शब्द नव्यानें घडवावे लागले नाहींत. योगशास्त्रानें संतोषास नियमांत स्थान दिलें होतें. वारकरी संतांनीं देवावर भार टाकून स्वस्थ राहण्याची गोडी घरोघर पोंचविली होती.

मग नवें तें काय? आमच्या मतें दोन गोष्टी. एक अशी कीं, येथें स्वस्थतेचा आधार प्रारब्ध हा नसून ईश्वराचें पितृत्व हा आहे. जें होणार तें टळत नाहीं म्हणून गप्प बसावें, असा हा उपदेश नाहीं. घरांत कर्ता बाप आहे म्हणून लेंकरानें रात्रीं झोपावें, असा आहे. दुसरी गोष्ट पौलाच्या फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रांत सांपडते. हें पत्र त्यानें कैदेंत असतां लिहिलें; त्यांत विपुलता असो वा उणीव असो, आपण तृप्त राहण्यास शिकलों आहों असें तो म्हणतो. 'शिकलों' हें क्रियापद महत्त्वाचें आहे. संतोष हा जन्मजात स्वभाव नव्हे, दीक्षेच्या दिवशीं मिळणारें बक्षीसही नव्हे. तो एक अभ्यास आहे, आणि त्यास काळ लागतो. पुढील चरित्रें वाचतांना वाचकांनीं हें ध्यानांत ठेवावें.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अमेरिकन मिशनच्या मराठी शाळा मुंबईपासून दक्षिणेकडे कोंकणपट्टींत पसरल्या. त्या शाळांतून शिक्षक म्हणून बेने-इस्रायल समाजाचे पुष्कळ लोक होते. हा समाज मूळचा याच किनाऱ्याचा, हें त्याचीं आडनांवेंच सांगतात: पेणकर, रोहेकर, अष्टमकर, चौलकर. मिशनऱ्यांच्या हातून यांस जुन्या कराराचें मराठी व हिब्रू ज्ञान मिळालें. जॉन विल्सन यांनीं मुंबईंत त्यांच्या मुलांस हिब्रू शिकविण्याची सोय केली. तथापि हा समाज बहुतांशीं ख्रिस्ती झाला नाहीं. मिळालेल्या ज्ञानाच्या बळावर तो आपल्या पूर्वजांच्या धर्मांत अधिक दृढ झाला. दावीदाच्या स्तोत्रांतील जो मेंढपाळ ख्रिस्ती मनुष्यास धीर देतो, तोच पेण-रोह्याच्या पेणकर-रोहेकरांसही धीर देऊं लागला. विश्वासाचा लाभ धर्मांतराच्या नोंदवहींत मोजतां येत नाहीं, हें यावरून दिसतें.

जे ख्रिस्ती झाले त्यांचें काय झालें? त्यांची चिंता कमी झाली, अशी समजूत असेल तर ती सोडून द्यावी. त्या काळच्या कायद्यांचा इतिहास याच्या उलट साक्ष देतो. धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्क बुडूं नये म्हणून सरकारास १८५० मध्यें २१ वा कायदा करावा लागला. धर्मांतरामुळें नवरा-बायको कायमचीं विभक्त झालीं तर विवाहाचें काय करावें, यासाठीं १८६६ मध्यें आणखी एक कायदा झाला. ज्या दुःखावर कायदा करावा लागतो, तें दुःख एकट्यादुकट्याचें नसतें. बाप, जमीन, घर, पत्नी, ज्ञाति, पाणवठा ही सर्व एका दिवसांत दुरावत. चिंतेपासून सुटका हवी म्हणून त्या काळीं कोणी ख्रिस्ती झाला असेल, तर त्यानें फार वाईट बाजार केला असें व्यवहारी मनुष्य म्हणेल. तेव्हां त्यांस जें समाधान लाभलें तें परिस्थितीचें फळ नव्हतें, हें गृहीत धरूनच पुढें चालावें लागतें.

आतां घाटावर जाऊं. कारण या प्रश्नाचा अत्यंत प्रामाणिक मराठी दस्तऐवज तेथें लिहिला गेला. नारायण वामन टिळक हे मूळचे कोंकणचेच. रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव हें त्यांचें जन्मगांव. १८९३ मध्यें राजनांदगांवकडे जातांना आगगाडींत भेटलेल्या एका युरोपियन प्रवाशानें त्यांस नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनानें त्यांचें मन जिंकलें, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलों, ही त्यांची भावना प्रसिद्ध आहे. पांखरांचा दाखला त्यांनीं अक्षरशः घेतला. पैसा हातीं आला कीं तो दुसऱ्याच्या गरजेस जाई. उद्यांसाठीं राखून ठेवणें त्यांच्या स्वभावांत नव्हतें. शेवटीं १९१७ मध्यें मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनीं संन्यस्त वृत्ति स्वीकारली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस त्यांचा अंत झाला.

एवढेंच चरित्र पुढें असतें तर निश्चिंत भक्ताचें एक सुंदर चित्र म्हणून आम्ही तें पुरें मानलें असतें. परंतु इतिहासास सुदैवानें दुसराही साक्षीदार मिळाला आहे. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं 'स्मृतिचित्रें' हें आत्मचरित्र लिहिलें. तें १९३४ पासून पुढें भागशः प्रसिद्ध झालें. त्यांत आपणांस कळतें कीं, टिळक जी चिंता टाकीत, ती जमिनीवर पडत नसे. ती लक्ष्मीबाईंच्या ओंजळींत पडे. दाणे नाहींत, पाहुणे आहेत, मुलांचें दुखणें आहे, आणि घरधनी कोठें गेला हें ठाऊक नाहीं, असे प्रसंग त्यांच्या संसारांत वरचेवर आले. पतीच्या बाप्तिस्म्याचा घाव तर सर्वांत मोठा. जिला पतीनें लिहिणें-वाचणें शिकविलें, पण शाळेचें तोंड जिनें पाहिलें नव्हतें, अशी ही स्त्री लहान मुलास घेऊन कांहीं वर्षें पतीपासून दूर राहिली. ज्ञाति सोडावी तर आप्त जातात, न सोडावी तर पति जातो. या पेंचांतील रात्रींचें वर्णन तिनें कोठेंही रडगाणें न करितां केलें आहे.

आणि येथेंच पौलाच्या 'शिकलों' या शब्दाचा अर्थ उलगडतो. लक्ष्मीबाई पतीच्या आज्ञेनें ख्रिस्ती झाल्या नाहींत, भीतीनेंही नाहीं. प्रथम त्यांनीं जातिभेदाचा विचार स्वतः केला. माणसाच्या हातचें पाणी माणसास विटाळत नाहीं, असें मनाशीं ठरविलें. मग खाण्यापिण्याचा निर्बंध सोडला. आणि १९०० मध्यें स्वतःच्या निर्णयानें बाप्तिस्मा घेतला. सोंवळ्या-ओंवळ्याची जी चिंता बालपणापासून त्यांच्या मानेवर होती, ती अशी पायरीपायरीनें उतरली. त्याच सुमारास शके १८२१ चा भयंकर दुष्काळ नगर भागांत चालू होता. उघड्यावर पडलेल्या मुलांस टिळकांच्या घरांत आसरा मिळाला, आणि त्यांचें करणें-संवरणें लक्ष्मीबाईंकडे आलें. ज्यांस स्वतःच्या भाकरीची शाश्वति नव्हती त्यांच्या पंक्तीस आणखी पानें वाढलीं. तथापि या काळाचें त्यांचें लेखन वाचतांना त्यांत पूर्वींची तगमग उरलेली दिसत नाहीं. थट्टा दिसते, कामाची लगबग दिसते. पुढें टिळकांच्या मागें अपुरें राहिलेलें 'ख्रिस्तायन' त्यांनीं पुरें केलें. १९३६ मध्यें त्या निवर्तल्या.

या दोन साक्षी शेजारीं ठेवल्या म्हणजे आम्हांस असें वाटतें कीं, टिळकांची निश्चिंतता ही वृत्ति होती, लक्ष्मीबाईंची निश्चिंतता ही कमाई होती. टिळकांच्या थोरवीस यानें उणेपणा येत नाहीं. पण चिंतामुक्तीच्या कोणत्याही कथेस एक प्रश्न विचारलाच पाहिजे: या घरांतील चिंता नाहींशी झाली, कीं ती दुसऱ्या कोणाच्या माथीं गेली? संतचरित्रांतून हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. मराठींत तो एका ख्रिस्ती गृहिणीनें, पतीवरील प्रेमास ढळ न देतां, हंसत हंसत विचारून ठेवला आहे.

याच काळांत पंडिता रमाबाईंनीं या प्रश्नाचें निराळें उत्तर दिलें. दुष्काळाच्या दिवसांत त्यांच्या आईबापांनीं अन्नान्नदशेंत प्राण सोडले होते. भुकेची भीति त्यांस ग्रंथांतून शिकावयाची नव्हती. १८८३ मध्यें इंग्लंडांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला, १८८९ मध्यें मुंबईस शारदासदन काढलें, आणि पुढें पुणें जिल्ह्यांत केडगांव येथें मुक्तिसदन वसविलें. १८९७ व १९०० या दोन दुष्काळांत मध्यप्रांत, गुजराथ इत्यादि ठिकाणांहून निराधार मुली व स्त्रिया आणून त्यांनीं पोसल्या. तेथील वस्ती सुमारें २,००० पर्यंत गेली. द्रव्याची ठरीव आवक नसतां रोजचें अन्न प्रार्थनेवर चालतें, असें त्या सांगत. परंतु त्या प्रार्थनेच्या जोडीस केडगांवच्या माळावर विहिरी खणलेल्या होत्या, शेत होतें, तेलाचा घाणा होता, विणकाम होतें, छापखाना होता. रमाबाईंच्या ठायीं विश्वास आणि विहीर यांचें वैर नव्हतें. देव पाणी देईल, असा ज्याचा विश्वास आहे त्यानेंच खणण्यास आरंभ करावा, असा त्यांचा व्यवहार होता. टिळकांच्या घरीं जो भार एका स्त्रीवर पडला, तो येथें शेकडों हातांनीं वांटून घेतला. चिंता वांटली गेली म्हणजे तिची व्यवस्था होते. न वांटली तर ती कोणा एकास खाते.

आतां पुनः पेणेस येऊं. पेण तालुक्यांतील गागोदें या गांवीं ११ सप्टेंबर १८९५ रोजीं विनोबा भावे यांचा जन्म झाला. योगायोग असा कीं, टिळकांनीं बाप्तिस्मा घेतला तें हेंच वर्ष. विनोबा जन्मानें व आचारानें हिंदु. ख्रिस्ती होण्याचा प्रश्न त्यांच्यापुढें कधींच नव्हता. परंतु गीता, कुराण यांप्रमाणेंच नव्या कराराचाही त्यांनीं श्रद्धेनें अभ्यास केला, आणि त्यांतील वेंचे निवडून 'ख्रिस्तधर्म-सार' हा संग्रह सिद्ध केला. डोंगरावरील प्रवचनाचा त्यांच्या आचारांशीं कसा मेळ बसतो, हें पाहावयाचें तर पवनार येथील १९५० चा कांचनमुक्तीचा प्रयोग पाहावा. पैशावांचून जगावयाचें, असा तो संकल्प. पण पैसा सोडला म्हणून त्यांनीं भिक्षेची वाट धरली नाहीं. सोबत्यांसह स्वतःच्या हातांनीं जमीन खणून, पाणी काढून, भाजी व धान्य पिकविण्याचा क्रम त्यांनीं घातला. कोठार न भरण्याचें पांखरांचें व्रत आणि कुदळ न टाकण्याचें कुणब्याचें व्रत हीं दोन्ही त्यांनीं एकत्र पाळलीं. बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याचा जो प्रश्न आम्ही प्रारंभीं मांडला, त्यास पेण तालुक्यांतीलच एका पुत्रानें दिलेलें हें उत्तर आहे, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

येथें एक आक्षेप निघण्याजोगा आहे. संतोषाचा उपदेश गरिबास गप्प बसविण्याच्या कामीं येतो, असें पुष्कळ विचारी लोक म्हणतात. आणि इतिहासांत तसें झालेंही आहे. याच जिल्ह्यांत, अलिबाग तालुक्यांतील चरी येथें, १९३३ पासून सुमारें सहा वर्षें नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखालीं खोतांविरुद्ध कुळांचा संप चालला. कुळांनीं शेतें पडीक ठेवलीं, उपासमार सोसली, पण माघार घेतली नाहीं. या कुळांस कोणी उद्यांची चिंता सोडा म्हणून सांगितलें असतें तर तो उपदेश कोणाच्या सोयीचा झाला असता, हें सांगण्याची गरज नाहीं. परंतु वर दिलेल्या साक्षींपैकीं एकही या आक्षेपास बळी पडत नाहीं. लक्ष्मीबाईंनीं जातीचा जाच निमूट सोसला नाहीं. रमाबाईंनीं विधवांचें नशीब म्हणून हात जोडले नाहींत. विनोबांनीं तर १९५१ पासून भूमिहीनांसाठीं देशभर पायीं चालून जमीन मागितली. ज्याच्या मनांतून स्वतःच्या उद्यांचें भय गेलें तोच दुसऱ्याच्या आजच्या दुःखासाठीं मोकळा होतो. जो संतोष मनुष्यास अन्यायापुढें निजवितो तो संतोष नव्हे. ती गुंगी होय.

सारांश, या सर्व इतिहासावरून आम्ही तीन निष्कर्ष काढतों. ख्रिस्ती विश्वासानें मराठी माणसाचें संकट कमी केलें नाहीं, बहुधा वाढविलेंच, तरीही त्यांतून जें समाधान निपजलें तें बाहेरच्या सुखाचें नव्हतें, म्हणून बाहेरच्या दुःखानें तें गेलें नाहीं. दुसरें, हें समाधान एका दिवसांत आलें नाहीं. कोणी तें वर्षांनुवर्षें शिकलें, आणि शिकतांना अश्रूही गाळले. तिसरें, चिंता टाकणें आणि जबाबदारी टाकणें हे एकाच कृतीचे दोन प्रकार नव्हेत. जेथें जबाबदारी टाकली गेली तेथें चिंता दुसऱ्याच्या दारीं गेली. जेथें ती वांटून उचलली गेली तेथें चिंतेस जागा उरली नाहीं.

कुंडलिकेच्या मुखाशीं कोर्लईच्या ख्रिस्ती घरांत आजही सायंप्रार्थना होते, आणि खाडीच्या कांठीं पेणेचा शेतकरी आजही पावसाळ्यापूर्वीं बांधाची फेरी करतो. या दोन कृतींत विरोध आहे असें ज्यास वाटेल त्यानें त्या दोहोंचा अर्थ पुनः तपासावा. बांध नीट पाहून घरीं परतलेल्या मनुष्यास उधाणाच्या रात्रीं जी झोंप लागते, तिच्या अर्ध्या भागास त्याची कुदळ कारण असते. उरलेला अर्धा भाग कोणाच्या भरंवशावर आहे, हें ज्यानें त्यानें आपल्या श्रद्धेप्रमाणें सांगावें. पण त्या अर्ध्या भागावांचून झोंप पुरी होत नाहीं, एवढी साक्ष या इतिहासानें दिली आहे.